तीस फूट वायर

अकोला
ता. २२ नोव्हेंबर १९६४

शालू,

तीस फूट वायर. मला एवढंच विचारायचं आहे.

बाकी काही विचारायचा हक्क मला उरलेला नाही, हे तू सांगून चुकली आहेस. म्हणजे काहीच न सांगून. दिवाळीपासून बेबीताईंच्या पत्त्यावर चार पत्रं टाकली. तुझ्या शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणून त्या तुझं भलंच पाहत असतील, पण माझी पाकिटं त्या ब्लाउजच्या कॉलरीत अस्तर म्हणून शिवून राहिल्या आहेत की काय, असं आता वाटायला लागलं आहे.

तर वायर. परवा गॅरेजला एक गाडी आली. जुनी, लांबलचक, अमेरिकन. पेट्रोल फार पिते म्हणून मालकाने मूळ इंजिन काढून डिझेलचं बसवून घेतलेलं. अमरावतीहून बडनेऱ्याच्या पहाटेच्या आगगाडीला सवाऱ्या नेतो म्हणाला. मालक कोणी उत्तमराव. टेरिलीनचा शर्ट, काळा चष्मा, आणि अत्तर इतकं की खुशालराव मिस्त्रींनी तो वास मारायला डिझेलने हात धुतले.

"थंडी पडली का सकाळी उठतच नाई," उत्तमराव गाडीबद्दल म्हणाला. "चार माणसं लावून ढकला, तवा कुठं खोकते. तोवर सवाऱ्या टांग्यात बसून निघून जातात."

मिस्त्री म्हणाले, "गाडी आहे का सासरी आलेला जावई?"

मग तो माझ्याकडे वळला. "तुमीच श्रावण ना, कॉलेजवाले? इंजिनाचं पाणी विजेवर तापवता येते का तुमाले?"

माझं नाव त्याला कोणी सांगितलं, हाही एक प्रश्न लिहून ठेव.

येते म्हटलं. डिझेलला ठिणगी लागत नाही. आत दाबलेली हवाच एवढी तापते की तेल पेटतं. पण लोखंड गारठलेलं असलं की ती ऊब लोखंडच पिऊन टाकतं. म्हणून इंजिनाभोवतीचं पाणी आधी तापवायचं. एका मोडक्या गिझरची कांडी आहे माझ्याकडे. खालच्या रबरी नळीत पितळी जोड घालून ती बसवायची. खालच्याच नळीत, कारण तापलेलं पाणी आपोआप वर चढतं. एवढं मला कॉलेजने शिकवलं. पुढचं शिकायला मी थांबलो नाही. वर्गातल्या त्या पोट्ट्याने तुझं नाव घेतलं, त्याचा दात पडला, प्राचार्य म्हणाले माफी लिहून दे, आणि मी पेन तिथेच ठेवून निघालो. तुझे बाबा त्यावर एकच शब्द बोलले होते. अर्धवट. वर्ष उलटून गेलं, तो शब्द अजून अंगावरून उतरला नाही.

मी उत्तमरावाला विचारलं, गाडीपासून बटणापर्यंत वायर किती लागेल? तो म्हणाला, "खिडकीपासून कडुनिंबापर्यंत अठ्ठावीस फूट हाय. तीस धरा. दोन फूट ढिली राहू द्या."

शालू, फ्रेझरपुऱ्यात तुझ्या खिडकीपासून तुमच्या दारच्या कडुनिंबापर्यंत अठ्ठावीस फूट अंतर आहे. गेल्या वर्षी चौदा एप्रिलच्या रोषणाईला तिथे बल्बांची माळ मी बांधली होती. टेपचं दुसरं टोक तू धरलं होतंस.

अमरावतीत कडुनिंब पुष्कळ आहेत, हे मला समजतं. खिडक्याही आहेत. पण अठ्ठावीस?

श्रावण


अकोला
ता. ३० नोव्हेंबर १९६४

शालू,

काल गाडी तयार करून दिली. मिस्त्री आठ दिवस म्हणत होते, "पाणी आन् वीज एका भांड्यात घालून राहिला हा. गाडी सुरू व्हायच्या आधी मालक वर जाईल." मी मनात म्हटलं, जाऊ दे. पण काम खोटं केलं नाही. रागात मला माणसाशी वाईट वागता येतं, वस्तूशी येत नाही. जोडावर रबर गुंडाळून वर दोऱ्याचे सात वेढे दिले, गाठ आतल्या बाजूला. तुझ्या वह्या शिवायचो तसे. वायर अंगठ्याएवढी जाड वापरली. तीस फूट.

उत्तमरावाला नीट समजावलं. पहाटे साडेतीनला बटण दाबायचं, पाचला बंद. पाणी कांडीच्या वरच राहिलं पाहिजे, नाही तर कांडी जळून जाईल. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "साडेतीनला उठणार कोण? तुम्ही?"

तो हसला. "मी कायले उठू? आमी आपले बडनेऱ्याले ऱ्हातो. गाडी अमरावतीले मुक्कामाले असते. तिथं घरातलं माणूस उठते ना. झोप हलकी हाय."

"माणूस म्हणजे?"

"माणूस म्हंजे माणूस," तो म्हणाला आणि चष्मा घातला. कातडी वाचवणाऱ्याने घालावा तसा.

तुझी झोप हलकी आहे. मांजर भिंतीवरून गेलं तरी तुला जाग येते, असं तूच सांगितलं होतंस.

तुझे बाबा जंगल खात्याच्या जीपवर, चिखलदऱ्याला. महिन्यातून एकदा घरी. म्हणजे घरात तू आणि तुझी आई. आणि दारात टेरिलीनवाल्याची गाडी मुक्कामाला. मी काही म्हणत नाही. मी फक्त कोण कुठे असतं ते लिहून काढलं.

तुझं ट्रेनिंग कॉलेज कसं चाललं आहे, हे विचारायचं होतं. राहून गेलं.

श्रावण


अकोला
ता. २१ डिसेंबर १९६४

शालू,

काल मी अमरावतीत होतो. तुझ्यासाठी नाही. गॅरेजला एक गॅस्केट हवं होतं.

रविवारी दुकान बंद असतं, हे मला अकोल्याहून निघण्याआधीच माहीत होतं. बघ, खोटं बोलताही येत नाही धड.

पावणेपाचला तुमच्या गल्लीत आलो. धुकं होतं. गाडी कडुनिंबाखालीच उभी होती. वायर तुझ्याच खिडकीतून आली होती, आणि खिडकीत दिवा होता.

गाडी रात्रभर तिथेच होती की आत्ता आली, हे दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. मला कळतं. आधी मागे वाकून सायलेन्सरच्या नळीला हात लावला. गार. दव साचलेलं. मग बॉनेट उचलून वरच्या पाण्याच्या नळीला हात लावला. गरम, न्हाऊ घालायच्या पाण्याएवढी गरम. पाणी गरम आणि सायलेन्सर गार, म्हणजे गाडी जागची हललेली नाही आणि साडेतीनला कोणीतरी उठलं आहे. तू उठली आहेस. माझ्या पत्राला चार ओळी लिहायला तुला वेळ नाही, त्याच्या गाडीसाठी तू साडेतीनला उठतेस.

माझी कांडी, माझा जोड, माझे सात वेढे, आणि ऊब त्याला.

तेवढ्यात आतून दाराची कडी वाजली आणि मी निघालो. कोण बाहेर येतं ते पाहायची हिंमत झाली नाही, हे कबूल करतो. तू मला घाबरट म्हणू शकतेस. दुसरंही काही म्हणू शकतेस.

माझ्या खिशात पक्कड होती एवढंच सांगतो. ती नेहमीच असते.

थंडी वाढणार आहे म्हणतात. बघू आता जावयाला कोण उठवतं.

श्रावण


अकोला
ता. ४ जानेवारी १९६५

शालू,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळींचं. "पत्रं लिहू नका. संक्रांतीपर्यंत थांबा."

हे अक्षर तुझं नाही. तुझ्या तीन वर्षांच्या वह्या मी शिवल्या आहेत. तुझा 'ल' मला अंधारात ओळखता येईल. हा 'ल' दारू प्यायल्यासारखा आडवा पडला आहे. कोणी लिहिलं? की कोणी समोर बसून लिहवून घेतलं? आणि संक्रांतीला काय आहे? तिळगूळ वाटून साखरपुडा उरकायचा बेत आहे का? तसं असेल तर बेत कळवायची पद्धत तरी पाळ.

दुसरी गोष्ट. काल उत्तमराव आला होता, एसटीने. बडनेऱ्याच्या दुसऱ्या एका गाडीवाल्यालाही असाच हीटर पाहिजे, ते सांगायला. आल्या आल्या माझे दोन्ही हात धरले.

"श्रावणभाऊ, काय चीज केली तुमी! एका झटक्यात उठते. रोज!"

मी म्हटलं, "रोज?"

"रोज म्हंजे रोज. मंधात एक दिवस धा मिनिटं उशीर झाला असंन, बस. एवढ्या कडाक्यातही नाई चुकली."

"वायर बघितली तुम्ही? बॉनेटखालची?"

"कायले बघू? चालू गाडीचं पोट कोणी फाडते का?"

मिस्त्रींनी मला बाजूला नेलं. "काहून रे, तोंड काहून उतरलं? तुझी तारीफ करून राहिला तो, शिव्या नाई देऊन राहिला."

मी काय सांगणार? ती गाडी उठूच शकत नाही, शालू. हे मी कोणत्याही कोर्टात सांगायला तयार आहे. म्हणजे त्यांनी दुसरा मिस्त्री आणला. माझ्या कामात हात घातला आणि मला सांगायलाही नको म्हटलं. आणि मग माझ्यासमोर हात धरून नाटक करायला हा माणूस आला. का? मला पाहायला? मी किती जळलो ते मोजायला?

मी थांबतो संक्रांतीपर्यंत. त्याच्या पुढे नाही.

श्रावण


अकोला
ता. १५ जानेवारी १९६५, दुपार

शालू,

तुझं पत्र मिळालं. उत्तमरावांनीच आणून दिलं, त्यांच्या बायकोने केलेल्या तिळाच्या वड्यांच्या पुडीसकट. दोन लेकरं आहेत त्यांना. धाकट्याचा फोटो खिशात घेऊन फिरतात. मी दीड महिना मनात ज्याचा खून करत होतो, तो माणूस बाकावर बसून माझ्यासाठी चहा गार करत होता.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. उजव्या हाताची तीन बोटं भाजली म्हणून ते कार्ड तू डाव्या हाताने लिहिलंस, हे वाचल्यावर पुढचं दिसेना. उत्तमराव म्हणाले, "काय झालं बावा?" मी म्हटलं, डोळ्यात ग्रीस गेलं.

तुझीच वाक्यं तुला परत लिहितो. मला ती माझ्या हाताने लिहायची आहेत.

"बाबा सप्टेंबरातच रिटायर झाले. गाडी त्यांची आणि उत्तमरावांची भागीत आहे. बाबाच चालवतात. तुमचं नाव मीच सुचवलं. बाबा म्हणाले, त्या पोट्ट्याले गाडी कोणाची ते सांगायचं नाई, सांगितलं तर दाखवायले काम करंन. संक्रांतीपर्यंत एकही पहाट गाडी अडली नाही, तर पोरगा अर्धवट नाही असं समजतो, मग बोलू. म्हणून मी तुम्हाला लिहीत नव्हते. बाबांना शब्द दिला होता."

आणि पुढे:

"एकवीस तारखेला बटण दाबलं, तासाभराने नळीला हात लावला, तर गार. बॉनेटखाली बघितलं. चोर असता तर वायर घेऊन गेला असता. वायर सोडवून, तिच्या दोन्ही तोंडांवर रबर गुंडाळून, वर सात वेढे देऊन, गाठ आत घालून ठेवणारा एकच मूर्ख मला माहीत आहे. मला शॉक लागू नये म्हणून वेढे दिलेत ना? तेवढी अक्कल होती, तर कडी वाजल्यावर दोन मिनिटं थांबायचं होतं. बाहेर बाबा येत होते."

दोन मिनिटं, शालू.

वायर परत जोडून नट आवळायची भीती वाटली, कोणाला विचारलं तर बाबांना कळलं असतं, म्हणून तू साडेतीनला चूल पेटवून हंडा ठेवत राहिलीस. तोटी उघडून गाडीतलं गार पाणी सोडायचं, कढत पाणी ओतायचं, बाबा आंघोळ करून येईपर्यंत हंडा जागेवर. पहिल्या दिवशी दहा मिनिटं उशीर. पाचव्या दिवशी वाफेने बोटं. आईला सांगितलंस, भाकरीचा तवा लागला. पंचवीस पहाटा. त्या पंचवीस दिवसांत मी काय लिहीत होतो, ते तुझ्याजवळ आहेच. ती पत्रं जाळू नकोस. मला ती कधीतरी वाचायला लाव.

शेवटी लिहिलं आहेस: "काल बाबा म्हणाले, पोरगं कामाचं आहे, रविवारी बोलाव. तुम्ही या. बाबा बडनेऱ्याला गेले की आधी वायर जोडा, मग घरात या. बाबांना यातलं काही सांगू नका. आता सगळं नीट झालं आहे."

तू सांगतेस आणि मी ऐकत नाही, हे पहिल्यांदा होत नाही. रागव. पण ज्या गोष्टीवरून तुझे बाबा मला पोरगी द्यायला निघाले, ती गोष्ट मी केलेली नाही. तुझ्या हंड्याच्या जोरावर मी त्यांच्या घरात जेवायला बसलो, तर आयुष्यभर तुझ्या त्या बोटांकडे बघत घास गिळावा लागेल. आणि माझा स्वभाव तुला माहीत आहे. जो दुसऱ्याला फसवतो, त्याला सगळे आपल्याला फसवताहेत असं वाटतं. मी पुरता दीड महिना तसा राहून पाहिला. पुन्हा नको.

सोबत बाबांच्या नावाचं पाकीट आहे. उत्तमराव त्यांच्याच हातात देणार आहेत. तू मधे घेऊ नकोस.

बोटांना खोबरेल लाव.

तुझा
श्रावण


अकोला
ता. १५ जानेवारी १९६५

माननीय जानरावजी यांस,

सविनय जय भीम.

आपण मला रविवारी बोलावलं आहे असं कळलं. येण्याआधी एक गोष्ट आपल्याला माहीत असली पाहिजे, म्हणून हे पत्र.

मी बसवलेल्या हीटरवर आपली गाडी तीस नोव्हेंबरपासून वीस डिसेंबरपर्यंत चालू झाली. वीस तारखेच्या पहाटे मी आपल्या दारात चोरासारखा आलो आणि त्याची वायर सोडवून ठेवली. गाडी आपली आहे हे मला माहीत नव्हतं. पण माहीत नव्हतं म्हणून गुन्हा कमी होत नाही; दुसऱ्या कोणाची असती तरी तेच झालं असतं. माझ्या मनात शालूबद्दल आणि उत्तमरावांबद्दल घाण संशय होता. तो सगळा खोटा होता. उत्तमरावांना मी आत्ता, हे पाकीट देण्याआधी, तोंडावर सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे माह्यावर जळून राहिला होता? माह्यावर? घरी जाऊन बायकोले सांगतो, तिले तरी बरं वाटंन." त्यांचं मन मोठं आहे. आपणही तसंच करावं असा माझा आग्रह नाही.

एकवीस डिसेंबरपासून कालपर्यंत, पंचवीस दिवस, आपली गाडी विजेवर उठली नाही. शालू साडेतीनला उठून चुलीवर पाणी तापवत होती आणि आपण यायच्या आत गाडीत ओतत होती. तिची बोटं तव्याने भाजली नाहीत. तिने आपल्याला दिलेला शब्द मोडला नाही, गाडी कोणाची ते मला कळवलं नाही. तिने फक्त माझी लाज झाकली. तिला बोलू नये, ही एकच विनंती.

आपण ठेवलेल्या परीक्षेत मी नापास आहे. ती माझ्यासाठी आहे हे मला माहीत नव्हतं, म्हणून तर ती खरी होती.

तरी रविवारी मी येणार आहे. जेवायला नाही. पहाटे चारला येतो, आपण जागे असताना, आपल्यासमोर बॉनेट उचलतो. उद्या शनिवारी आणि त्या रविवारी मात्र हंडा शालूला उचलू देऊ नका. आपण स्वतः उचला, जड आहे. कढत पाणी एकदम ओतायचं नाही, आधी गार पाणी सगळं सोडून द्यायचं आणि मग हळूहळू. जंगल खात्याच्या जीपवर आपण हे माझ्यापेक्षा जास्त वेळा केलं असेल.

वायर जोडायला मला पाऊण तास लागेल. त्यानंतर आपण दार उघडलं तर आत येईन, लावून घेतलं तर बसस्टँडवर जाईन. मधे मात्र आपण मला शिव्या घातल्या, हाकललं, अंगावर धावून आलात, तरी मी जाणार नाही. कॉलेज अर्धं सोडलं. हे सोडत नाही.

आपला
श्रावण